घोटाभर पाणी

मंगळवार उजाडला की आवळकुंडीच्या तळ्याकाठी पाय ठेवायला जागा उरत नसे. मोडनिंबकडून जीपगाड्या यायच्या, बार्शीची एसटी फाट्यावर अर्धी रिकामी व्हायची, आणि एरवी शेळ्या चरायच्या त्या गायरानात मोटारसायकलींची रांग लागायची. नारळवाले, बांगड्यांवाले, भजीवाले झाडून सगळे हजर. पाण्याच्या टाकीवर नंबरासाठी एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया इथे मात्र डोक्यावर पदर घेऊन खांद्याला खांदा लावून उभ्या असत. जिल्हा परिषदेच्या शाळेतली श्रीदेवी कलशेट्टी त्या दिवशी गर्दीच्या कडेला येऊन थांबली होती. दर्शनाचा काही प्रश्न नव्हता. मंगळवारी तिचा चौथीचा वर्ग ओस पडायचा, आणि आपली पोरं कुठे जातात ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

कर्णा खरखरला. महाराजांचा चेला निंगप्पा याने घसा साफ केला आणि जलसिद्ध महाराजांनी हिमालयात बर्फाखाली बसून पाणी कसं वश केलं त्याची कथा सुरू केली. बर्फाखाली बसलेल्या माणसाचं पोट एवढं सुटलं कसं, हे कुणी विचारलं नाही. मग महाराज उठले. भगवी लुंगी गुडघ्याशी खोचली, त्रिशूळ हातात घेतला आणि तळ्यात चालू लागले. जिथे म्हशीसुद्धा पोहत जायच्या तिथपर्यंत ते चालत गेले, आणि पाणी त्यांच्या घोट्याच्या वर चढलं नाही. दर पावलाला त्रिशूळ पुढे टेकवायचा, पाण्यातल्या आसरामातेचं नाव घ्यायचं, मग पाऊल टाकायचं. तळ्याच्या मध्यावर थांबून त्यांनी दोन्ही हात वर केले तेव्हा काठावर बायांनी माथे टेकले.

पाण्यावर चालतात म्हणता, मग घोटे कसे बुडतात, असं श्रीदेवीने शेजारच्या माणसाला विचारलं. त्याला तिची कीव आली. याचं उत्तर महाराजांनी पहिल्याच मंगळवारी देऊन ठेवलं होतं. देवीच्या घरात शिरताना पाय नकोत का धुवायला? देवी पाय धुते, तेवढंच पाणी वर येतं. बरं, पलीकडच्या काठापर्यंत का जात नाहीत? तर पलीकडे साती आसरांचं न्हाणीघर आहे, आणि परक्या बायांच्या न्हाणीघरात सभ्य माणूस डोकावत नाही. महाराज मोठे सभ्य होते.

परत येऊन त्यांनी माइक हातात घेतला.

"लोकहो, हे पाणी साधं नव्हे. सात बहिणींचा वास आहे इथं. कोपल्या की घोटाभर पाण्यातून माणूस ओढतात. ओढलं की नाही तुमच्या गावचं लेकरू?"

गर्दी म्हणाली, ओढलं.

"म्हणून हे अभयसूत्र. ज्याच्या मनगटात हे, त्याला पाणी गिळणार नाही. लेकरांना बांधा आणि बिनघोर सोडा पाण्यात."

हिरवा दोरा, त्याला शिशाचा मणी. श्रीदेवीने आजूबाजूला पाहिलं. तिच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या मनगटात तो होता, आणि त्यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं. तोवर महाराज पुढच्या घोषणेवर आले होते. येत्या मंगळवारी धोंडीरामची लेक संस्कृती त्यांच्यापुढे पाण्यावर चालणार होती. देवीने भाऊ नेला, आता बहिणीला पाठीशी घालील आणि त्या घराचा दोष फिटेल. पहिल्या रांगेत बसलेल्या धोंडीरामने हात जोडले. त्याच्या शेजारी संस्कृती वेणीची रिबीन चघळत बसली होती. ती चौथीत होती आणि आठवडाभर शाळेत आली नव्हती.

श्रावणात धोंडीरामचा अभिमन्यू याच तळ्यात गेला होता. तिघे पोरगे म्हशी धुवायला आले. दोघे काठाशीच राहिले, अभिमन्यू मजेत आत आत चालत गेला. "अभ्या घोट्याएवढ्या पान्यात हुबा हुता, आमाला हात करत हुता, आन् मग न्हवताच," असं ते दोघे सांगत होते. संध्याकाळी गळ टाकून प्रेत काढलं. डॉक्टरांनी बुडून मृत्यू असं लिहून दिलं. पण घोटाभर पाण्यात कुणी बुडतं का? ते वाक्य गावातून फाट्यावर गेलं, फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरून आणखी पुढे गेलं, आणि पंधरवडा उलटायच्या आत महाराज हजर झाले. सरपंच बापूसाहेबांनी तळ्याकाठी पत्र्याची शेड घालून दिली. विहिरीसाठी जागा बघ म्हटलं की तळहातावर नारळ आडवा धरून रान तुडवणारा हाच तो पाणाड्या, असं एकदोघांना वाटलं होतं. दाढी बघून तेही गप्प बसले.

महाराजांनी दोष शोधला तो कस्तुराबाईत, पोराच्या आईत. अभिमन्यूच्या जन्मानंतर तिने आसरांची ओटी भरली नव्हती आणि विटाळात तळ्यावर धुणं धुतलं होतं. हे त्यांना कसं कळलं म्हणून लोक थक्क झाले. त्यात कळण्यासारखं काय होतं? तळ्यावर धुणं न धुतलेली बाई आवळकुंडीत एकही नव्हती. धोंडीरामने बायकोशी बोलणं टाकलं आणि थोड्याच दिवसांत तिला केमला माहेरी पोचवून आला. पोर जाऊन महिना झालेल्या बाईला गाडीत बसताना गल्लीतल्या एकीनेही पाणी विचारलं नाही. श्रीदेवीला त्या दिवसापासून गावाचा राग होता आणि तो काही केल्या उतरत नव्हता.

घोषणा झाली त्या मंगळवारी संध्याकाळी ती धोंडीरामच्या घरी गेली. तो अंगणात दावं वळत बसला होता. संस्कृतीला पाण्यात घालू नका, एवढंच तिने सांगितलं. तो बराच वेळ दाव्याला पीळ देत राहिला.

"मॅडम, आसरांनी न्हेला म्हनलं की वाईच झोप तरी लागती. न्हाय तर मी डोळं मिटलं की त्यो हात करतोय."

"आणि वहिनींचं काय? त्यांना झोप लागत असेल?"

यावर तो उठून गोठ्यात गेला. तळ्याचं आपल्यापाशी बोलू नका, एवढं मात्र जाता जाता बजावून गेला.

श्रीदेवी अक्कलकोटकडची. घरात कानडी, विहीर घरासमोर. वडील कल्लप्पा यांनी पाठीला वाळका भोपळा बांधून तिला पोहायला शिकवलं तेव्हा ती संस्कृतीहून लहान होती. दोन गोष्टी त्यांनी तिच्याकडून घोकून घेतल्या होत्या. तळ माहीत नसलेल्या पाण्यात काठीने विचारत जायचं, उडी म्हणून मारायची नाही. आणि काठावर माणूस असल्याशिवाय पाण्याला पाय लावायचा नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. त्या पोरांचं वाक्य तिच्या डोक्यात सारखं फिरत होतं. गावाला त्यात देवी दिसली. तिला वाटलं, पोरं खरंच बोलत असतील तर? तळ्याच्या मध्यावर घोटाभरच पाणी असेल आणि शेजारीच खोल असेल, तर?

रविवारी सकाळी ती पलीकडच्या काठाला गेली. तिकडे उतार हलका होता आणि माणसांची वर्दळ नव्हती. बरोबर शाळेत खिचडी शिजवणारी बजाबाई. बजाबाईचा आसरांवर पुरता विश्वास होता, पण मॅडमवरही होता. तिने आधी पाण्यावर हळदीकुंकू वाहिलं, मग दोरीचं एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं श्रीदेवीच्या कमरेला, आणि तेलाचा रिकामा कॅन हाताशी घेऊन बसली. मी ओरडले तर हा कॅन फेकायचा, आत यायचं नाही, असं श्रीदेवीने तिला दोनदा सांगितलं.

बांबूने चाचपत ती निघाली. गुडघाभर, कमरेएवढं, छातीएवढं. तिथून पुढे बांबूला तळ लागेना. पाणी गढूळ होतं, हात बुडवला तर बोटं दिसत नव्हती. तिने अंग टाकलं आणि बांबू छातीशी धरून सावकाश पोहत मध्याकडे गेली. अचानक पायाच्या अंगठ्याला दगड लागला. तिने पाय टेकले आणि उभी राहिली. पाणी घोट्यापर्यंत होतं.

महाराज मंगळवारी जिथे हात वर करायचे तिथेच ती उभी होती. तिला हसू यायला हवं होतं. तिने डावीकडे बांबू सोडला, तो मुठीपर्यंत आत गेला आणि खाली काही लागलं नाही. उजवीकडेही तेच. कडा खाली सरळ कापलेली, चिकणमातीची, हाताला धरायला काही नाही. इथून घसरलेल्या पोराला परत वर चढता येणं शक्य नव्हतं. तिथे उभी असताना तिला अभिमन्यूची पाठ, शाळेच्या सदऱ्यातली, स्वच्छ आठवली.

आणि मग वैशाख आठवला. तळं कोरडं ठणठणीत पडलं होतं आणि गाळ काढायची सरकारी योजना आली होती. गाळ फुकट म्हटल्यावर वरली आळी आणि खालची वस्ती, दोन्हीकडचे ट्रॅक्टर तळ्यात उतरले. पण आपल्याकडे वाटणी म्हटली की बांध आलाच. दोघा भावांनी वावर वाटलं तरी मध्ये बांध सोडतात आणि मग त्या बांधाच्या हातभर मातीसाठी कोर्टात जातात. इथे तर तळ्याचाच तळ वाटून घ्यायचा होता. अर्धं तुमचं, अर्धं आमचं, आणि मध्ये ह्या काठापासून त्या काठापर्यंत न खोदलेला बांध. तळ्यात बांध कशाला, असं पोकलेनचा ड्रायव्हर म्हणाला तर दोन्ही बाजूचे लोक त्याच्या अंगावर धावून गेले. गाळातले दगडगोटे दोघांनीही त्याच बांधावर टाकले, त्यामुळे तो आणखी उंच आणि टणक झाला. गाळ संपल्यावर खालचा मुरूम निघाला. तो बापूसाहेबांच्या रस्त्याच्या कामाला गेला. कंबरभर खोदायची परवानगी होती, खड्डे विहिरीएवढे झाले. मग पाऊस लागला, तळं भरलं, सांडवा वाहू लागला, आणि पाणी सांडव्याच्या पातळीला येऊन थांबलं. ते बांधावर घोटाभर होतं.

"मॅडम, कुटं हुब्या हाव वो?" बजाबाईने काठावरून विचारलं.

"बांधावर."

बजाबाई कॅन हातात घेऊन उठून उभी राहिली. मग तिने विचारलं, "धोंडीच्या?"

तेव्हा श्रीदेवीला तेही आठवलं. खालच्या वस्तीच्या वतीने हा बांध आखला होता धोंडीरामने. पांढऱ्या फक्कीची रेघ मारत तो भर उन्हात या काठापासून त्या काठापर्यंत चालला होता, आणि वरल्या आळीच्या एकाने रेघ पुसली म्हणून त्याच्या उरावर बसला होता. सगळ्या गावाने ते पाहिलं होतं. सगळं गाव त्या बांधावरून ये-जा करत होतं. चारच महिन्यांनी तेच गाव त्याच बांधावरून चालणाऱ्या माणसाच्या पाया पडत होतं. पाण्याखाली गेलेली गोष्ट माणूस इतक्या लवकर विसरतो? की विसरणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं?

बांधावरूनच चालत, बांबू टेकत ती बजाबाई बसली होती त्या काठाला परत आली आणि बांधाची वाट तिने नीट डोक्यात बसवून घेतली. दुपारी ती बापूसाहेबांकडे गेली. तिचं बोलणं त्यांनी अर्ध्यातच तोडलं. चहा मागवला, बदलीचा विषय काढला, तालुक्याला आपलं कोण कोण आहे ते सांगितलं. एवढ्या घाईवरूनच तिला कळलं की यांना पहिल्यापासून माहीत आहे. शेवटी ते अगदी मायेने म्हणाले, "पोरगं तर काय परत येत न्हाय. आसरांचं नाव झालं, गाव गप हाय. तुमी खड्ड्याचं नाव काडलं की आदी धोंडीच मरंल. त्येला कोन सांगनार, तुज्याच बांधावरनं गेला म्हनून? तुमी?"

त्यांचा शब्द खोटा नव्हता आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. ती दोनदा धोंडीरामच्या घरापर्यंत गेली. एकदा तो भेटला नाही. दुसऱ्यांदा भेटला, आणि तळ्याचं नाव काढताच आत निघून गेला. ती आरडाओरडा करून सांगू शकली असती, पण नाही सांगितलं. घरी येऊन ती मनाशी हिशेब मांडत राहिली की बांध एका माणसाला चालण्यापुरता रुंद आहे, महाराज पोरीचा हात धरतील, मंगळवार कदाचित सुखरूप जाईल. पण बुधवारचं काय? घोटाभर पाण्यात देवी सांभाळते हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर मनगटात दोरा असलेलं गावातलं प्रत्येक पोर त्या तळ्यात शिरणार होतं.

मंगळवारी गर्दी दुप्पट होती. संस्कृतीला नवा परकर-पोलका घातला होता, कपाळभर कुंकू लावलं होतं. महाराजांनी तिला पुढे घातलं आणि आपण मागे राहिले. पोरीच्या भक्तीचा मान, असं निंगप्पा कर्ण्यावरून म्हणाला. खरं म्हणजे पुढचा दगड हलला तर तो आधी तिच्या पायाखाली हलणार होता. दोघे मध्याच्या जवळ आले असतील-नसतील तोच काठावरची एक म्हातारी बोट दाखवून किंचाळली. पलीकडच्या बाजूने, न्हाणीघराकडून, एक बाई पाण्यावर चालत येत होती.

श्रीदेवीने त्या दिवशी हिरवी साडी नेसायला नको होती. सकाळी हाताला लागली ती नेसली, बस. पण काठावरच्या लोकांना हिरवं लुगडं आणि मोकळं पाणी एवढंच दिसलं, आणि सगळी गर्दी गुडघ्यावर आली. दोघीतिघींच्या अंगात आलं. एकाने नारळ फोडला. ज्या लोकांना खरं सांगायला ती आली होती ते तिलाच देवी करून मोकळे झाले होते. तिला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

महाराज क्षणभर गडबडले. पण माणूस मुरलेला होता. त्यांनी त्रिशूळ उंचावला आणि खड्या आवाजात म्हणाले, "बघा लोकहो, प्रत्यक्ष आसरामाता बाईंच्या रूपानं पोरीला न्यायला आली."

"संस्कृती, तिथंच उभी राहा," श्रीदेवी म्हणाली. "पाय उचलू नकोस. वर्गात पुतळा होतेस ना, तशी."

पोर जागच्या जागी ताठ झाली. श्रीदेवीने बांबू बाजूच्या पाण्यात सोडला, मुठीपर्यंत बुडवला, वर काढला. दुसऱ्या बाजूला बुडवला, वर काढला. मग पायापुढे आपटला. दगडाचा टक्क आवाज आला. चाळीस पोरांच्या गोंगाटावर चालणारा आवाज तिने काठाकडे लावला.

"मी देवी नाही. माझ्या पायाखाली दगड आहेत, तुम्हीच वैशाखात टाकलेले. हा बांध आहे. दोन्ही अंगांना विहिरीएवढे खड्डे आहेत, तेही तुम्हीच केलेले. अभिमन्यू बांधावर उभा होता तोवर पाणी घोट्याएवढं होतं. पुढचं पाऊल खड्ड्यात पडलं."

मग कर्ण्यावरून बापूसाहेबांचा आवाज आला, मॅडमच्या अंगात आलंय, लिंबू उतरवा. लोक हसले. सुटल्यासारखे हसले. त्या हसण्याने श्रीदेवीला कळलं की आता एकाच माणसाचा शब्द चालेल, आणि त्याला तो बोलायला लावणं ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट असेल. तिने तरीही हाक मारली.

"धोंडीरामभाऊ, हा बांध कुणी आखला ते तुम्हीच सांगा. तुमची पोर त्यावर उभी आहे."

धोंडीराम उठला. त्याने चप्पल काढली आणि पाण्यात शिरला. काही पावलं चालून तो थांबला, वाकला, पाण्यात हात घालून एक गोटा वर काढला. तो त्याने उलटा-सुलटा करून पाहिला. गावातला प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघत होता, आणि नाकारायला त्याला एक शब्दही खर्चावा लागणार नव्हता. गोटा टाकून काठावर परत यायचं, एवढंच. पोराला आसरांनी नेलं असतं, दोष बायकोचा राहिला असता, आणि त्याला रात्री झोप लागली असती.

"बांधच हाय," तो म्हणाला. काठावर ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "बांध हाय. म्याच आकला. वरल्या आळीनं आमचा गाळ न्हिऊ ने म्हनून."

मग तो सरळ चालत महाराजांपर्यंत गेला. महाराज त्याच्या आणि लेकीच्या मध्ये उभे होते, आणि बांधावर त्यांच्या पोटाच्या शेजारून जायला वाट नव्हती.

"बाजूला व्हा. माजी लेक घिऊ द्या."

महाराज हलले नाहीत.

"व्हा की बाजूला. पानी वश हाय न्हवं तुमास्नी? एक पाऊल सरका."

महाराजांनी डावीकडच्या पाण्याकडे पाहिलं, उजवीकडच्या पाण्याकडे पाहिलं. कपाळावरचं भस्म घामाने ओघळलं. ज्याने बर्फाखाली बसून पाणी जिंकलं होतं त्याने त्रिशूळ दोन्ही हातांनी धरला, दगडांवर फतकल मारली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मला पोहता येत नाही हो."

काठावर आधी एक जण हसला, मग पुष्कळ जण. धोंडीराम हसला नाही. महाराजांना खाली ढकलायची त्याच्या मनात आलेली इच्छा श्रीदेवीला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. तिने बांबू आडवा पुढे केला आणि सगळ्यांनी तो धरा म्हणून सांगितलं. पुढे धोंडीराम, मागे महाराज, मग संस्कृती आणि शेवटी ती, असे एका बांबूला धरून चौघे ओळीने काठाला आले. पोरीला कडेवर घेताना धोंडीरामने आधी तिच्या मनगटातला दोरा दाताने तोडला.

महाराज दुपारच्या जीपने गेले. श्रीदेवीने पोलिसांत तक्रार दिली, चौकशी चालू आहे असं ते सांगतात. पलीकडच्या तालुक्यात एक साधू विहिरीच्या पाण्याने मूतखडे पाडतो म्हणे, तो हाच असेल. गावात बऱ्याच जणांनी दोरे टाकले. बऱ्याच जणींनी टाकले नाहीत, बाबा खोटा असला तरी देवी खोटी कशी असेल म्हणून. खड्ड्यांच्या कडा उतरत्या करायच्या आणि उन्हाळ्यात बांध काढायचा असा ठराव ग्रामसभेत आला. बांधाचा मुरूम कुणाच्या वाट्याचा यावर दोन आळ्यांत हातघाई झाली आणि सभा उठली.

सगळ्यात कडू गोष्ट वेगळीच. ज्या गावाने कस्तुराबाईला दोषी धरलं होतं त्याने आता तिला सोडलं आणि धोंडीरामला धरलं. यानेच बांध घातला, यानेच पोर घालवलं, असं पारावर मोठ्याने बोललं जाऊ लागलं. बोलणाऱ्यांच्या वावरात त्याच तळ्याच्या गाळावर ऊस डोलत होता. श्रीदेवीने भर सभेत विचारलं की खड्डे कुणी केले, मुरूम कुणी विकला, पाणी भरल्यावर कडेला साधा दोर कुणी का बांधला नाही, आणि तळ्याकाठच्या गावात पोरांना पोहायला शिकवायचं कुणाच्या डोक्यात का आलं नाही. एकेक जण उठून चालता झाला. पुढे तिच्या बदलीचा अर्ज गेला, त्यावर सह्या मात्र पुष्कळ झाल्या.

बदली होईपर्यंत हातात वेळ होता. दिवाळीच्या सुट्टीत तिने हलक्या उताराच्या काठाला वर्ग सुरू केला. बांधाच्या दोन्ही अंगांना दोर ताणून त्यावर रिकामे कॅन बांधले. पाण्यात उतरण्याआधी ती रोज पोरांना काठीने तळ विचारायला लावायची. तळ विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, मग पुढे चल म्हणणारा बाबा असो, सरपंच असो, नाहीतर मी असो, असं ती सांगायची. कुणी बुडताना दिसलं तर हात द्यायला धावू नका, कॅन फेका, काठी द्या, माणसांना हाका मारा. दमलात तर धडपडू नका, पाठीवर पडून आभाळाकडे बघा, पाणी आपोआप धरतं. बजाबाई काठावर दोरी धरून बसायची. येणारी पोरं थोडीच होती. धोंडीराम संस्कृतीला आणून सोडायचा, बाभळीखाली बसायचा, आणि श्रीदेवीशी एक शब्दही बोलायचा नाही. तिने त्याची अपेक्षाही केली नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या मागून कस्तुराबाई आली. तो केमला जाऊन तिच्या बापाच्या अंगणात दिवसभर बसून राहिला होता, तेव्हा कुठे ती निघाली. वाळून अर्धी झाली होती. पाण्यापासून लांब उभी राहून ती लेकीकडे बघत राहिली. संस्कृती पाठीला कॅन बांधून पाण्यावर उताणी पडली होती, कान बुडालेले, डोळे आभाळाला.

"मॅडम," कस्तुराबाई म्हणाली, "अभ्याला एवडं येत असतं तर?"

धोंडीरामची मान वर आली. सोपं उत्तर श्रीदेवीच्या हाताशी होतं. देवाच्या मनात होतं, वेळ आली होती, असं काहीतरी म्हणून त्या दोघांना तिथल्या तिथे हलकं करता आलं असतं. पण असल्या हलक्या बोलण्यावरच महाराजांचा धंदा चालला होता.

"बहुतेक वाचला असता, वहिनी. पाठीवर तरंगत राहिला असता आणि सोबतच्या पोरांनी कॅन फेकला असता, तर वाचला असता. यात देवीचा काही संबंध नव्हता. तुमचा तर नव्हताच."

कस्तुराबाईने ते उभ्या उभ्या ऐकून घेतलं. तोंडाला पदर लावला, पण रडली नाही. मग तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि चपला काढल्या.

"मलाबी शिकवा. का मी उतरल्याली चालत न्हाय पान्याला?"

"चालतं," श्रीदेवी म्हणाली. "या. आधी काठी घ्या हातात."

धोंडीराम उठला. बजाबाईच्या हातातली दोरी त्याने घेतली, बाभळीची गाठ ओढून तपासली, आणि दुसरं टोक बायकोच्या कमरेला बांधायला तो स्वतः पाण्यात उतरला.